नागपूर ते शारजा, साडेतीन तास

१२ ऑगस्ट, मंगळवार

साडेतीन तास!

फक्त साडेतीन तास. नागपूरला विमानात बसलं की साडेतीन तासांत शारजा. अंतर म्हणे दोन हजार चारशेच्या आसपास किलोमीटर. माझ्या पोरीने, संस्कृतीने, मोबाइलवर दाखवलं. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. तेच.

झालं असं, की सकाळी सासूबाईंना मुन्नाभाऊजींचा फोन आला. यंदा महालक्ष्म्यांना दोघंही येताहेत. सासूबाई नाचायच्याच बाकी होत्या. मी भाकरी थापता थापता म्हटलं, "बिचारी वैभी! दोन दिवस आधीच निघा लागंन तिले." पोरगी खो-खो हसायला लागली. "आई, कोन्या जमान्यात राह्यतं तू? मावशी तिकून चहा पिऊन निघाली तं जेवाले नागपुरात!"

माझी भाकरी तव्यावर करपली.

माझ्या डोक्यात वेगळंच होतं. आठ वर्षांपूर्वी ती दोघं पहिल्यांदा गेली तेव्हा ट्रॅव्हल्सने मुंबई, तिथे कुणाकडे तरी एक मुक्काम, मग विमान. पोचल्याचा फोन तिसऱ्या दिवशी आला. तेव्हापासून शारजा म्हणजे तिसऱ्या दिवशी पोचायचं गाव, असं मी धरून चालले. कुणी सांगितलंही नाही, बाई तसं नसतं म्हणून. आम्हाला किन्हीराजाहून एसटीने नागपूरला जायचं तर याहून जास्त वेळ लागतो. तेही जागा मिळाली तर बसून.

वैभवी माझी जाऊ. त्याआधी माझी सख्खी धाकटी बहीण. एकाच घरात दिल्या दोघी. आई म्हणायची, बरं झालं, एकमेकींना राहतील.

राहिली हो! चांगलीच राहिली!


१३ ऑगस्ट

वरणात मीठ दोनदा पडलं. कुणी बोललं नाही. माझा चेहराच तसा असेल.


१५ ऑगस्ट, शुक्रवार

संस्कृती झेंड्याला कॉलेजात गेली. घर रिकामं. लिहूनच टाकते, म्हणजे पोटातलं जरा खाली बसेल. ही डायरी कृषी केंद्रवाल्याने यांना दिलेली. हे काही लिहीत नाहीत, म्हणून माझी.

दोन वर्षांपूर्वी महालक्ष्म्या बसल्या त्याच संध्याकाळी माहेरून, कारंजाहून, नानाजीकाकांचा फोन आला. आई न्हाणीत पडली. अर्धं अंग गेलं. मी होते तशी निघाले. सासूबाई म्हणाल्या, "आल्या दिवशीच लक्ष्म्यायले टाकून चालली!" यांनी मोटारसायकलवर पावसातून नेऊन सोडलं. वाटेत म्हणाले, "मुन्नाले मी कळवतो. तू आईकडे पाय फक्त." मला केवढं बरं वाटलं तेव्हा! माझा फोन भिजून बंदच पडला होता.

आईची जीभ जड झाली होती, पण वैभीचं नाव नीट निघायचं. गल्लीतून टेम्पो गेला तरी विचारायची, "वैभी आली?" मी म्हणायचे, "निघाली आई, निघाली." डॉक्टर म्हणाले होते हलवू नका. दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस!

हे संध्याकाळी आले. म्हणाले, मुन्नाशी बोलणं झालं. विमान नाही, लांबचा रस्ता, त्यांचं येणं होत नाही, आटोपून घ्या. तरी मी हट्टाने सकाळपर्यंत ठेवली आईला. काका चिडले माझ्यावर. बर्फ आणा, खाली मीठ घाला, सगळं केलं. म्हटलं, येईल. कशीही करून येईल. सकाळी काकांनी अग्नी दिला.

ती दहाव्याला नाही आली. तेरवीलाही नाही.

आणि मी? दोन वर्षं तिची वकिली करत हिंडले! कुणी विचारलं की मी शहाण्यासारखं तोंड करून सांगायचे, "दूरदेशी आहे हो. विमानालेच दोन दिवस लागते." बाया ऐकून गप्प बसायच्या. आता कळतंय गप्प का बसायच्या. ज्यांच्या घरात मोबाइल आहे त्या सगळ्यांना ठाऊक असणार. मी एकटीच येडी.

पाचव्या दिवशी तिचा फोन आला होता कारंजाला. नुसती रडत होती. मी समजूत घातली, "राहू दे वैभे, लांब होती तू." तर एकदम गप्प झाली आणि फोन ठेवला. मला वाटलं, दुःखाने. शरम वाटली असेल, दुसरं काय! त्यानंतर फोन यायचा तो सासूबाईंच्या मोबाइलवर, सणावारी, स्पीकर लावून. "बरे आहेत का सगळे." सगळे बरे आहेत.


१७ ऑगस्ट

यांना विचारलं. हे ओसरीवर फवारणीचा पंप धूत होते.

"तुमाले माहीत होतं का, शारजा साडेतीन तासावर हाय ते?"

"कोन सांगतलं?"

"कोनी का सांगेना. माहीत होतं का नाई?"

"अवं, तिकिट बी भेटा लागते. सुट्टी भेटा लागते. झालं-गेलं ते कायले उकरून काढतं?" आणि पंप तसाच टाकून बाहेर गेले. नोझल माझ्या पायाशी.

भावाची बायको म्हणून तिची बाजू घेतात. माझ्या आईची बाजू घ्यायला या घरात कुणी नाही.


२० ऑगस्ट, बुधवार

माळ्यावरून महालक्ष्म्यांच्या धडाच्या कोठ्या काढल्या. पितळी मुखवटे चिंचेने घासले. आमच्या घरची रीत अशी की ज्येष्ठेला थोरल्या सुनेने नेसवायचं, कनिष्ठेला धाकटीने. दोघी बहिणी-बहिणी, महालक्ष्म्याही आणि आम्हीही. आई हे सगळ्यांना कौतुकाने सांगायची. वैभी गेल्यापासून दोघींनाही मीच नेसवते. तिला सासूबाईंनी तिकडे न्यायला चांदीच्या लहान महालक्ष्म्या करून दिल्या. एकदा बसवल्या की खंड पडू द्यायचा नाही, देवीचा कोप होतो म्हणून.

शेजारच्या गोमतीबाई गव्हाची चाळणी मागायला आल्या होत्या. सांगत होत्या, गेल्या साली ऐन महालक्ष्म्यांत त्यांच्या सुनेचा आजा गेला. सुनेला सांगितलंच नाही कुणी! तिने पुरणपोळ्या केल्या, ओवाळलं, गाणी म्हटली, आणि विसर्जन झाल्यावर तिला बसवून सांगितलं.

सासूबाई म्हणाल्या, "बेस केलं. कानावर पडलं तं सुतक. पडलंच नाई तं कायचं सुतक?"

दोघी हसल्या. मीही हसले. पण मनात म्हटलं, त्या पोरीचं एक बरं, तिला माहीत तरी नव्हतं. आमच्या बाईसाहेबांना माहीत असून येता आलं नाही.


२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

आज जे बघितलं ते लिहू की नको.

संस्कृती सासूबाईंच्या मोबाइलमध्ये जुने फोटो शोधत होती. मखर कसं करायचं ते बघायला. "आई, मावशीची तिकडली सजावट पाय." बघितलं. वैभी. हिरवं नऊवारी, नाकात नथ, हातात पुरणाचं ताट. मागे चांदीच्या महालक्ष्म्या. हसतेय! दात दिसताहेत!

वर तारीख होती. दोन वर्षांपूर्वीची, महालक्ष्म्यांच्या जेवणाची. संध्याकाळची वेळ.

त्या वेळी मी कारंजाला आईच्या उशाशी बसून बर्फाचं पाणी पोत्याने टिपत होते. आणि ही नथ घालून फोटो काढत होती.

फोन परत दिला. तेवढ्यात बैल दारात आले. मी ताट घेऊन गेले, त्यांचे पाय धुतले, पुरणपोळी खाऊ घातली. बैलांचा काय दोष! हे म्हणाले, "काय झालं व?" म्हटलं, काही नाही.


२५ ऑगस्ट

वाक्य ठरलं. पंगत बसली की सगळ्यांदेखत म्हणायचं: "माय गेली तवा तू साडेतीन तासावर होती वैभे, अन् नथ घालून पुरन वाढत होती."

पाठ केलं. भांडी घासताना म्हणून बघितलं. आवाज कापतो, पण चालेल.

त्यानंतर ती जाऊ. फक्त जाऊ. बहीण नाही. आईबरोबर तेही जाळलं समजायचं.


२९ ऑगस्ट, शुक्रवार

आले.

समृद्धी महामार्गाने गाडी करून आले. नागपूर ते किन्हीराजा, तेही झटक्यात. सगळ्या जगाला झटपट रस्ते आहेत, फक्त आईच्या वेळेला नव्हते.

मुन्नाभाऊजी उतरल्या उतरल्या सासूबाईंच्या पायाशी. मग माझ्याकडे वळून हसत, "वयनी, काय सांगू! इमानात पिच्चर लावला, तो संपाच्या आंधी नागपूर आलं!"

पिच्चर संपायच्या आधी! मी म्हटलं, "हो का." हातातला तांब्या त्यांच्या पायांवर ओतायचा तो जरा जोरात ओतला गेला. विजार गुडघ्यापर्यंत भिजली.

वैभी केवढी वाळलीय. गळ्याची हाडं दिसतात. मी ठरवून तिकडे बघितलं नाही, तरी दिसलंच. पूर्वी ती अंगणातूनच "ताई!" करून ओरडायची. आज समोर येऊन उभी राहिली, आणि म्हणते, "बरी आहेस?" ताई नाही, काही नाही. परक्या बाईला विचारावं तसं. पायाही पडली नाही.

मी म्हटलं, "पानी माठात हाय."

वर तोराही हिचाच! करून सवरून हीच फुगून बसलीय!


३० ऑगस्ट

सोळा भाज्या निवडायला दोघी एका टोपलीशी. "संस्कृती, आईले म्हन विळी सरकव." "संस्कृती, मावशीले म्हन अंबाडी तिकडं हाय." पोरगी शेवटी वैतागून उठून गेली. मग कुणीच काही मागितलं नाही.


३१ ऑगस्ट, रविवार. महालक्ष्म्या आल्या

मुखवटे तुळशीपासून घरात आणायचे असतात. मी ज्येष्ठा, ती कनिष्ठा. संस्कृती पुढे कुंकवाची पावलं काढत, गोमतीबाई ताटावर लाटणं वाजवत. "कायच्या पावलानं आली?" "सोन्याच्या पावलानं आली." दर पायरीला म्हणायचं. आईने मला हे शिकवलं होतं. वैभीला मी.

उंबरठ्यावर तिच्या हातातली कनिष्ठा कलली. माझ्या एका हातात ज्येष्ठा, तरी दुसरा हात आपोआप खाली गेला आणि मुखवटा धरला. मला नको होतं धरायला! हात ऐकला नाही.

ती हळूच म्हणाली, "राहू दे. मले सवय हाय एकटीची."

एकटीची सवय! आणि मला काय, दहा जणी होत्या आईला आंघोळ घालायला?

नेसवताना सासूबाई तिला म्हणाल्या, "नथ काहून नाई घातली व? सवाशिनीनं बोडक्या नाकानं राहू नाई."

वैभी कनिष्ठेच्या निऱ्या लावत राहिली. "दोन वर्सं झाले, म्या नथ घालनं सोडलं."

मला वाटलं सासूबाई आता तिला फैलावर घेतील. मला घेतलं असतं! पण त्या उठून देवघरात गेल्या. लाडकी आहे ना! शारजाहून येताना शालू आणलाय त्यांना.

मी ज्येष्ठेचा पदर पिनने लावताना बोटात टोचून घेतलं. फार बोलत नाही, नखरे करते, आणि त्यात वाळून गेलीय. माझ्या जिवाला त्याचंही लागतं, याचाच जास्त संताप येतो.


१ सप्टेंबर, सोमवार. जेवणाचा दिवस

पहाटेपासून चुलीशी. पुरण, आंबील, कढी, वडे, सोळा भाज्या. वर करंज्या-पापड्यांचा फुलोरा टांगायचा. साठ पानं. बाहेर बाया गाणी म्हणत होत्या, आत आम्ही दोघीच. ती वडे तळत होती, मी पुरण वाटत होते.

वाक्य पंगतीत म्हणायचं होतं. तेवढा दम निघाला नाही. ती कढईवर वाकली होती, आणि मागून अगदी आईसारखी दिसली. मानेवरचा तो तीळसुद्धा. आणि मी बोलले.

"माय गेली तवा तू साडेतीन तासावर होती, वैभे. अन् नथ घालून पुरन वाढत होती."

तिने झारा ठेवला. वळली. मला वाटलं रडेल. नाही रडली.

"फोटो पाह्यला तुनं?"

"पाह्यला."

"अन् तरी बी मलेच इचारतं?" तिचे ओठ पांढरे पडले होते. "तुनंच तं निरोप देल्ला होता, ताई."

आल्यापासून पहिल्यांदा ताई म्हणाली.

"कोनता निरोप?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. कढईतले वडे काळे व्हायला लागले. तेवढ्यात सासूबाई दारात. आम्हा दोघींची तोंडं बघून जागच्या जागी थबकल्या. मग मोठ्याने, "निवदाचं ताट झालं का? काय बोलत उभ्या राह्यल्या पोरीहो, देवी उपाशी हाय!" आणि वैभीचा दंड धरून तिला बाहेर घेऊनच गेल्या. त्यानंतर दिवसभर तिला सोडलं नाही. ओवाळायला जवळ, वाढायला जवळ, पाणी प्यायलासुद्धा सोबत.

पंगत बसली. मी वाढत गेले. कुणाला काय वाढलं आठवत नाही. एकाला म्हणे पुरणावर कढी वाढली.

कोणता निरोप? मी कुणालाच निरोप दिला नाही. मुन्नाला मी कळवतो, असं यांनीच तर म्हटलं होतं.


२ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी परसात सापडली एकटी. बोलली सगळं. आई पडल्याचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. गेल्याचंही नाही. विसर्जन झाल्यावर मुन्नाभाऊजींनी सांगितलं, आणि वर हे, की "वयनीचाच निरोप होता, महालक्ष्म्या होऊ द्या, मंग सांगा तिले." म्हणून आली नाही. जिने आईचं तोंड बघू दिलं नाही तिच्या दारात कशाला यायचं, म्हणे. आणि फोनवर मीच तिला म्हटलं होतं, राहू दे, लांब होती तू!

यांना विचारलं. हातातल्या कपात बघत म्हणाले, "मायनं सांगतलं तसं केलं. तुले तं सुतक लागलंच होतं. तिले बी लागलं असतं तं दोन्ही घरच्या लक्ष्म्या उपाशी राह्यल्या असत्या. तुहं नाव घेतलं म्हून ती गप्प तरी राह्यली."

मी पदराला हात पुसले आणि पिशवी भरली.

आज विसर्जन. दहीभात दाखवून, अक्षता टाकून, सुनांनी उठवायचं असतं. आम्ही दोघी स्टॉपच्या बाकड्यावर बसलोय. कारंजाची गाडी यायची आहे. वैभी माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपलीय.

ज्यांना सुतक नको होतं, त्यांनी उठवाव्यात.